आकुर्डीचे अपक्ष

रूढ अर्थाने हे वाईट भाषण आहे. त्याला सुरुवात धड नाही, शेवट तर नाहीच. मधे तीन-चार विषय एकमेकांच्या पायात पाय अडकवून चालतात. बोलणारा एक वाक्य अर्धं सोडून दुसरं धरतो, पुन्हा पहिल्याकडे येतो, मग आपण चुकतही असू असं म्हणतो. मुळात ते भाषण नव्हतंच. व्यासपीठावरच्या मंत्र्यांना प्रेक्षकांतून विचारायचा तो प्रश्न होता आणि प्रश्न म्हणून पाहिलं तर तो भलताच लांबलेला होता. तरीही गेल्या काही वर्षांत भारतीय उद्योगपती जाहीरपणे जे काही बोलले, त्यातलं पुन्हा पुन्हा ऐकावं असं मला हेच वाटतं.

तारीख ३० नोव्हेंबर २०१९. मुंबईत इकॉनॉमिक टाइम्सच्या पुरस्कारांचा सोहळा. व्यासपीठावर गृहमंत्री अमित शहा, अर्थमंत्री निर्मला सीतारामन आणि पीयूष गोयल. समोर मुकेश अंबानी, कुमारमंगलम बिर्ला, सुनील मित्तल यांच्यासारखी मंडळी. अशा सभागृहात माईक फिरतो तेव्हा काय विचारलं जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आधी सरकारचं अभिनंदन, मग आपल्या क्षेत्रासाठी एखादी सवलत, शेवटी आभार. त्या दिवशी माईक राहुल बजाज यांच्या हातात गेला. वय ८१. बजाज ऑटोचं अध्यक्षपद अजून त्यांच्याकडेच होतं. ही गोष्ट महत्त्वाची, कारण या बोलण्याला निवृत्तीनंतरचं धैर्य म्हणून निकालात काढता येत नाही. गमावण्यासारखं पुष्कळ हाताशी असताना हा माणूस बोलला.

पुण्याला भाषण ऐकायची जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून इथला श्रोता वक्त्याला विषयाइतकाच उच्चाराला, संदर्भाला आणि विरामाला मार्क देत आला आहे. त्या कसोटीवर बजाजांचं बोलणं नापास होईल. पण पुणेरी श्रोत्याची आणखी एक कसोटी असते, जी तो उघड सांगत नाही: बोलणारा कुणाच्या पदराखालून बोलतोय? या कसोटीवर हे बोलणं वाक्यावाक्याने तपासून पाहण्यासारखं आहे.

पहिलीच जागा पाहा. कुणाचीही स्तुती करणं मला जमत नाही, माझा पिंडच सत्तेच्या विरोधातला, अशा आशयाचं ते काही बोलतात. मग मंत्र्यांना सांगतात की तुम्हाला आवडणार नाही, पण माझं राहुल हे नाव जवाहरलाल नेहरूंनी ठेवलं. सभागृहात हशा पिकतो. वरवर पाहता हा म्हाताऱ्या माणसाचा चुटका. पण बारकाईने पाहिलं तर एका वाक्यात दोन सुरुंग निकामी केलेले आहेत. नाव ‘राहुल’ आणि ठेवणारे ‘नेहरू’. समोरच्या पक्षाच्या त्या वेळच्या भाषेत हे दोन्ही शब्द टवाळीचे होते. उद्या वाहिन्यांवर कुणीतरी बजाज घराण्याचं काँग्रेसी मूळ उकरून काढणार, हे ओळखून त्यांनी ते स्वतःच काढून टेबलावर ठेवलं. आरोप करणाऱ्याच्या हातातला दगड आधीच मागून घ्यावा, आणि तोही हसत, ही वक्तृत्वातली जुनी युक्ती. मात्र ती साधायला त्या दगडाची लाज वाटता कामा नये. बजाजांना वाटत नव्हती.

या नावाची गोष्ट ते आयुष्यभर सांगत आले. वडील कमलनयन आणि इंदिरा गांधी यांची घरोब्याची मैत्री. नेहरूंनी हे नाव बजाजांच्या मुलाला दिलं म्हणून इंदिराबाई रुसल्या, कारण त्यांना ते स्वतःच्या मुलासाठी हवं होतं. पुढे बजाजांनी आपल्या मुलाचं नाव राजीव ठेवलं आणि राजीव गांधींनी आपल्या मुलाचं राहुल. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर आपण त्याला ‘जरा जास्तच जुळवलंय’ म्हणून सुनावलं असतं.

आता जन्मजात सत्ताविरोधी असल्याचा दावा. इथे मात्र रसिकाने मान डोलवायच्या आधी थोडं थांबावं. आजोबा जमनालाल बजाज म्हणजे वर्ध्याचे शेठजी. गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. काँग्रेसचे ते अनेक वर्षं खजिनदार होते. वडील कमलनयन वर्ध्याचे काँग्रेसचे खासदार. सत्तेच्या इतक्या जवळ जन्मलेल्या माणसाने विरोधाचा जन्मसिद्ध हक्क सांगावा, हे ऐकायला गमतीचं आहे. पण हे घराणं सत्तेच्या जवळ होतं तसंच तिच्याशी फटकूनही होतं. जमनालालांनी इंग्रजांनी दिलेली रायबहादूर ही पदवी परत केली, आणि १९२८ साली वर्ध्यातलं घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुलं केलं. मंदिराच्या वेळी त्यांचा विरोध सरकारला नव्हता, आपल्याच जातभाईंना होता. पुढे आणीबाणीत दिल्लीतल्या विश्व युवक केंद्रावरून राहुल यांचे काका रामकृष्ण बजाज यांचं संजय गांधींच्या गोटाशी बिनसलं आणि बजाज समूहावर आयकराचे छापे पडले. म्हणजे २०१९च्या सभागृहात काँग्रेसच्या आघाडी सरकारच्या, म्हणजे यूपीएच्या, काळाविषयी गोड बोलणाऱ्या या माणसाच्या घरावर धाड पडली होती ती काँग्रेसच्या राज्यात. हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोलणं कितीतरी वजनदार झालं असतं. कोणतंही सरकार काय करू शकतं हे माणसाने स्वतःच्या घरात पाहिलेलं होतं.

मग येतो या बोलण्याचा गाभा. हे भीतीचं वातावरण आमच्या सगळ्यांच्या मनात आहे, पण त्याबद्दल आमचे उद्योगपती मित्र कुणी बोलणार नाहीत. मी उघड बोलतो. त्यांचं म्हणणं साधारण असं. यात सर्वनामांची अदलाबदल ऐका. भीती ‘आमची’, बोलणं ‘माझं’. ‘ते घाबरतात’ असं म्हणणं सोपं होतं, आणि तसं म्हटलं असतं तर बजाज शूर ठरले असते, बाकीचे भित्रे. त्यांनी भीतीच्या ओळीत स्वतःलाही उभं केलं आणि मगच एक पाऊल पुढे टाकलं. ज्यांच्या वतीने ते बोलत होते ते तिथेच, चार खुर्च्यांवर, माना खाली घालून बसलेले असणार. त्यांच्यापैकी कुणाचं नावही घेतलं नाही. मित्र हा शब्द वापरला आणि त्या शब्दाने त्यांना पुरतं उघडं पाडलं. टोमणा इतका सभ्य असू शकतो हे पुण्यात राहून शिकता येतं. बजाज पुण्याशेजारच्या आकुर्डीला पन्नासहून अधिक वर्षं राहिले.

भाषेचंही पाहा. वाक्यांचा सांगाडा हिंदी आहे. पण मोक्याच्या जागी शब्द इंग्रजी येतात: ओपनली, क्रिटिसाइझ, कॉन्फिडन्स, ॲप्रिशिएट. हे सगळे बोर्डरूमचे शब्द. तक्रारीला कंपनीच्या बैठकीतला सभ्य कोट चढवणारे. डरना मात्र हिंदीतच राहतं. घाबरण्याला त्यांनी कुठला उद्योगी पर्याय शोधला नाही.

यूपीएच्या दुसऱ्या कारकिर्दीत आम्ही कुणालाही शिव्या देऊ शकत होतो, हे या बोलण्यातलं सर्वांत गाजलेलं वाक्य. आशय म्हणून ते ढिलं आहे. शिव्या देता येणं हा काही राज्यकारभाराचा निकष नव्हे. आणि त्या काळातले उद्योगपती शिव्या देत होते त्या धोरणलकव्यासाठी, ज्यात त्यांचेच प्रकल्प अडकले होते. पण कानाला ते वाक्य घट्ट बसतं, कारण पुढच्याच दमात ते सरकारला म्हणतात, तुम्ही काम चांगलं करताय. म्हणजे तुलना कामाची नाहीच. आधीच्यांचं काम वाईट आणि तोंड मोकळं, तुमचं काम चांगलं आणि तोंड बंद: एवढा मोठा हिशेब त्यांनी दोन तुकड्या वाक्यांत मांडला. त्यानंतर आलं की उघड टीका केली तर तुम्हाला ती रुचेल असा भरवसा वाटत नाही. आणि लगेच, माझं चुकतही असेल, पण सगळ्यांनाच तसं वाटतं. हे ‘चुकत असेल’ नम्रतेचं नाही. चुकीची शक्यता स्वतःकडे घेतली आणि वाटणं सर्वांच्या नावावर टाकलं. उत्तर देणाऱ्याला आता ‘तुम्ही चुकताय’ म्हणून सुटता येत नाही.

यानंतर बोलणं भरकटतं. झुंडबळींचा विषय येतो, असहिष्णुतेच्या हवेचा येतो, आणि मग भाजपच्या तेव्हाच्या खासदार प्रज्ञा ठाकूर यांचा. नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात लोकसभेत गोडशावरून त्यांच्या बोलण्याचा गदारोळ झाला होता आणि त्यांना संरक्षण खात्याच्या सल्लागार समितीतून काढलं गेलं होतं. बजाज विचारतात ते साधारण असं: गांधींना कुणी मारलं याबद्दल काही शंका आहे का? पंतप्रधान म्हणाले की त्यांना क्षमा करणं अवघड आहे, तरीही तुम्ही त्यांना समितीवर घेतलंतच की. बातम्यांमध्ये हा भाग तोंडी लावण्यापुरता आला. मला तो सर्वांत आतला वाटतो. बाकी सगळं एका उद्योगपतीने सरकारला सांगितलेलं आहे. हे वर्ध्याच्या बजाजवाडीतल्या नातवाने सांगितलेलं आहे. ज्या घरात गांधीजी पाहुणे नव्हते, घरचेच होते, त्या घरातला माणूस गांधीहत्येचा उल्लेख धोरणाच्या भाषेत करू शकत नाही. म्हणूनच इथे वाक्यं तुटतात. आणि पुण्याच्या श्रोत्याला हा भाग जरा जास्तच जवळून ऐकू येतो, कारण गोडशाचं वर्तमानपत्र निघायचं ते याच शहरातून.

रचनेच्या दृष्टीने हा विषय इथे यायला नको होता. व्यवसायातली भीती आणि देशातला विखार यांना जोडणारा दुवा त्यांनी दिलाच नाही. दोन्ही एका हवेत आहेत एवढंच म्हटलं. चांगल्या संपादकाने हा परिच्छेद कापला असता. आणि कापला असता तर उरलं असतं ते उद्योगपतींचं गाऱ्हाणं.

आता थोडं मागे जाऊ, कारण या माणसाच्या नावापुढे ‘अपक्ष’ हा शब्द एकदा कायदेशीररीत्या लागलेला होता.

३ मे २००६ला प्रमोद महाजन गेले आणि महाराष्ट्रातून राज्यसभेची एक जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकीत राहुल बजाज अपक्ष म्हणून उभे राहिले. समोर काँग्रेसचे अविनाश पांडे. बजाजांच्या पाठीशी भारतीय जनता पक्ष, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस. त्या वेळी राज्यात विलासराव देशमुखांचं सरकार होतं आणि राष्ट्रवादी त्यात काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून बसलेली होती. तरी तिने मित्रपक्षाचा उमेदवार पाडायला विरोधकांच्या रांगेत मतं टाकली. बजाज निवडून आले आणि २०१०पर्यंत खासदार राहिले. ज्यांच्या समोर २०१९ साली ते बोलले, त्या पक्षाने २००६ साली त्यांना मतं दिली होती, आणि ती जागा त्या पक्षाच्या एका मोठ्या नेत्याची होती. ही गंमत त्या सभागृहात किती जणांच्या लक्षात असेल, कोण जाणे.

राज्यसभेत अपक्ष म्हणून जाणं हे लोकसभेला उभं राहण्यासारखं नाही. इथे मतदार म्हणजे आमदार, आणि २००३च्या दुरुस्तीनंतर पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकायची असते. म्हणजे एकेका आमदाराचं मन वळवून उपयोग नाही, नेत्यांचंच वळवावं लागतं. तीन पक्षांचे नेते हो म्हणाले की उमेदवार अपक्ष! निवडून आल्यावर मात्र कायदा त्याचं अपक्षपण कडक पहारा ठेवून जपतो: पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टानुसार अपक्ष सदस्य कुठल्याही पक्षात सामील झाला तर त्याची खासदारकी जाते. पक्षाच्या सदस्याला दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची फट आहे, अपक्षाला तीही नाही.

पुण्याने असे अपक्ष आणखीही पाहिले. १९९८ साली सुरेश कलमाडी भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर लोकसभेला अपक्ष उभे राहिले आणि विठ्ठल तुपे यांच्याकडून हरले. २०१४ साली बांधकाम व्यावसायिक संजय काकडे अपक्ष म्हणून राज्यसभेत गेले आणि भाजपच्या वळचणीला बसले. पुण्याबाहेर, १९७१ साली खुद्द नवल टाटा दक्षिण मुंबईतून अपक्ष लढले आणि पडले. टाटा आडनाव असून लोकांनी मत दिलं नाही यात मुंबईकरांना कमीपणा वाटायचं कारण नाही, उलट. या सगळ्या मंडळींत बजाजांचं वेगळेपण त्यांच्या खासदारकीत शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. ते सापडतं खासदारकीच्या आधी आणि नंतर.

आधी म्हणजे फेब्रुवारी २००३. दिल्लीत सीआयआय या उद्योगांच्या संघटनेच्या बैठकीत गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी आलेले. बजाज उठले आणि त्यांनी २००२च्या गुजरात दंगलींविषयी विचारलं. असुरक्षितता असेल तिथे गुंतवणूक येत नाही, हा त्यांचा मुद्दा. जमशेद गोदरेजही बोलले. मोदी संतापले, गुजरातमधल्या उद्योगपतींनी वेगळी चूल मांडली आणि शेवटी सीआयआयला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तीन वर्षांनी त्याच भाजपने बजाजांना मतं दिली, आणि २०१४ साली मोदी निवडून आल्यावर बजाजांनी त्यांचं कौतुकही केलं. वर्षभरातच, २०१५ साली, सम्राट मिळाला होता पण चमक उतरू लागली आहे अशा अर्थाचं विधान. या सगळ्यातून एक सुसंगत राजकीय भूमिका काढायला कुणी बसलं तर त्याची दमछाक होईल. सुसंगत आहे तो फक्त स्वर. समोर जो सत्तेवर असेल त्याला हा माणूस ‘हो, पण’ म्हणणार.

जगाकडे पाहिलं तर श्रीमंत अपक्षाचा खरा रंगमंच अमेरिकेचं अध्यक्षपद. १९९२ साली टेक्ससचा रॉस पेरो उभा राहिला. स्वतःच्या पैशाने दूरचित्रवाणीवर अर्ध्या-अर्ध्या तासाचा वेळ विकत घेतला आणि हातात काठी घेऊन राष्ट्रीय कर्जाचे तक्ते समजावत बसला. जुलैत माघार, ऑक्टोबरात पुन्हा हजर. एवढं करूनही १८.९ टक्के मतं मिळाली, आणि तिथल्या पद्धतीमुळे निर्वाचक मत एकही नाही. २०१९च्या जानेवारीत स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी अपक्ष उभं राहण्याचा विचार जाहीर केला. लोकांनी त्यांना पहिल्या आठवड्यातच तोंडावर सुनावलं की तुम्ही फक्त मतं खाणार आणि ट्रम्पना निवडून आणणार. सप्टेंबरात त्यांनी नाद सोडला. म्हणजे तिकडे एक अब्जाधीश माघार घेऊन घरी गेला आणि जेमतेम तीन महिन्यांत इकडे दुसरा माईक घेऊन उभा राहिला, हा निव्वळ योगायोग. पण दोघांना शेजारी ठेवलं की एक फरक दिसतो. पेरो असो वा शुल्ट्झ, त्यांचं सांगणं एकच: मी कंपनी चालवून दाखवली, देशही चालवीन. बजाजांच्या बोलण्यात हे कुठेही नाही. चेतक स्कूटरच्या यशाचा, पुण्या-औरंगाबादच्या कारखान्यांचा, निर्यातीच्या आकड्यांचा उल्लेख नाही. आपण काय उभं केलं हे सांगण्याचा मोह या पिढीतल्या उद्योगपतींना आवरत नाही, आणि बजाज काही विनयासाठी प्रसिद्ध नव्हते. तरी त्या दिवशी त्यांनी तो आवरला.

(आपल्याकडे राष्ट्रपतिपदाला कुणा धनाढ्याने असं उभं राहायचं म्हटलं तर अनामत फक्त पंधरा हजार, पण सूचक पन्नास आणि अनुमोदक पन्नास लागतात, आणि ते सगळे आमदार-खासदार. टीव्हीवर वेळ विकत घेऊन त्यांच्या सह्या मिळत नाहीत. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून जिंकले ते इंदिरा गांधींच्या बळावर. त्याच निवडणुकीत आपले चिंतामणराव देशमुख स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचे उमेदवार होते, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, संस्कृतचे जाणकार, आणि तिसरे आले.)

बजाजांच्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू न सांगता त्यांच्या बोलण्याचं कौतुक करणं म्हणजे अर्धं रसग्रहण. १९६८ साली त्यांनी बजाज ऑटोची सूत्रं हाती घेतली तेव्हा परवान्याचं राज्य होतं. स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं थांबावं लागे. पुण्यातल्या मध्यमवर्गाने नंबर लागण्याची वाट पाहत लग्नं उरकली, मुलं शाळेत घातली, आणि मग चेतक घरी आली तेव्हा तिला हार घातला. बजाज म्हणत की लोकांना हवी ती वस्तू परवान्यापेक्षा जास्त बनवल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं तर जाईन. वाक्य बाणेदार आहे आणि खरंही; पण ज्या भिंतीवर ते डोकं आपटत होते तिनेच परदेशी स्पर्धकाला बाहेर ठेवलं होतं. ती भिंत पडू लागल्यावर १९९३ साली मुंबईच्या हॉटेलात जमलेल्या उद्योगपतींच्या गटात, ज्याला वर्तमानपत्रांनी बॉम्बे क्लब म्हटलं, बजाज आघाडीवर होते. मागणी अशी की परकीयांना दार उघडताय तर आधी मैदान सपाट करा. त्यांना जुनाट, स्पर्धेला घाबरणारे ठरवलं गेलं. त्यांनी मत बदललं नाही, लपवलंही नाही.

बॉम्बे क्लबचं बोलणं आणि २०१९चं बोलणं शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. पहिल्यात मागण्या आहेत, त्यामागे हितसंबंध आहेत, आणि ते सांगायला एक गट आहे. दुसऱ्यात मागणी शून्य. कर कमी करा नाही, व्याजदर नाही, वाहन उद्योग त्या वर्षी मंदीत रुतलेला असताना त्याचंही काही नाही. उमेदवार म्हणजे मागणारा, मत तरी मागणारा. २००६चे अपक्ष बजाज तीन पक्षांकडे मतं मागून आले होते. २०१९चे बजाज काहीच मागत नव्हते, आणि या अर्थाने ते त्या संध्याकाळी त्यांच्या खासदारकीच्या चार वर्षांपेक्षा जास्त अपक्ष होते.

त्यामुळेच उत्तर देणाऱ्याची कसोटी लागली. अमित शहांचं उत्तरही दाद देण्याजोगं आहे, हे मान्य करायला हवं. त्यांनी म्हटलं की तुमचा प्रश्न ऐकल्यावर लोक घाबरलेले आहेत यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. तर्क चोख: भीती आहे हे उघड सांगता येतं याचा अर्थ भीती नाही. फक्त त्यात एक गोम आहे. सांगणारा एकच होता, आणि इतर कुणी सांगणार नाही हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. पुढे शहा म्हणाले की घाबरायचं काही कारण नाही, पण तसं वातावरण असल्याचं तुम्ही म्हणत असाल तर ते सुधारण्याचा प्रयत्न करावा लागेल. प्रज्ञा ठाकूरांच्या विधानाचा निषेधही केला. सभागृहापुरतं प्रकरण शहांनी सफाईने मिटवलं होतं.

पण ज्यात मागणीच नाही ते बोलणं मान्यही करता येत नाही आणि फेटाळताही येत नाही. ते तसंच लोंबकळत राहतं. दुसऱ्या दिवशी सीतारामन यांनी ट्विट केलं: टीका ऐकून घेतली जाते, उत्तरंही दिली जातात, पण स्वतःच्या समजुती पसरवल्या आणि त्यांनी जोर धरला तर त्या राष्ट्रहिताला बाधक ठरू शकतात. गृहमंत्र्यांनी आदल्या संध्याकाळी जे हसत शांत केलं, ते अर्थमंत्र्यांनी पुन्हा उकळायला ठेवलं. उद्योगपतींपैकी किरण मजुमदार-शॉ बजाजांच्या बाजूने बोलल्या. बाकीचे मित्र, ज्यांच्या वतीने तो माईक हातात घेतला होता, त्यांच्यापैकी बहुतेकांनी बजाजांचं म्हणणं आपल्या गप्प राहण्याने खरं करून दाखवलं. पुढच्या वर्षी, जून २०२०मध्ये, राजीव बजाज यांनी राहुल गांधींशी टाळेबंदीवर जाहीर संवाद केला आणि त्यातच सांगून टाकलं की हे करू नका, अडचणीत याल, असा सल्ला आपल्याला एकाने दिला होता.